बागेबाहेरची थंडी

भात झोडून झालं की जव्हारच्या हवेला पेंढ्याचा वास येतो. सकाळी धुकं दरीतून वर चढतं, आमच्या आळीच्या उतारावर येऊन थांबतं आणि उन्हं चांगली तापेपर्यंत हलत नाही. शिरपामाळ बघायला आलेले मुंबईचे पाहुणे या दिवसांत टपरीवर चहाचा ग्लास दोन्ही हातांत धरून उभे असतात आणि म्हणतात, काय सुंदर हवा आहे हो तुमच्याकडे! हवा सुंदर असतेच. मी मान डोलावते आणि पुढं जाते.

माझ्या शिवणयंत्रासमोर खिडकी आहे. खिडकीतून समोरची बाग दिसते आणि बागेच्या भिंतीला पाठ लावून रस्त्याच्या कडेला बसलेली माणसं दिसतात. बोचकी, काळी पडलेली पातेली, गोधड्या, पाय बांधून ठेवलेली एखादी कोंबडी, आईच्या पदराखाली पाय पोटाशी घेऊन निजलेली पोरं. दिवाळी सरली की वीटभट्ट्या सुरू होतात, आणि मग वांगणीकडचे, वावरकडचे, मोखाड्याकडचे पाडे असे इथं येऊन बसतात. मुकादमाचा टेम्पो येतो, ती चढतात आणि होळीपर्यंत त्यांच्या घरांना माणूस दिसत नाही.

ज्या भिंतीला ती टेकतात ती आता छान रंगवलेली आहे. गेरूच्या रंगावर पांढरी माणसं, मधोमध तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोवती हातात हात गुंफून नाचणारी रांग. बाग नवी झाली तेव्हा काढलेलं चित्र आहे ते. लोक त्याच्यापुढं उभं राहून फोटो काढतात. सकाळी मात्र काढता येत नाही, चित्राच्या खालच्या अर्ध्या भागाला खरी माणसं टेकलेली असतात.

मला ही माणसं दिसली की आमचे हे आठवतात. खरं तर ते आठवायला मला काही दिसावं लागत नाही; पण या दिवसांत ते जास्त येतात.

ह्यांची सगळी नोकरी वांगणीच्या बाजूच्या एका आश्रमशाळेत गेली. गुरुजी म्हणूनच सगळे ओळखत. रविवारी घरी यायचे ते धुळीनं माखून, आणि या दिवसांत तर रविवारीही यायचे नाहीत. दिवाळीच्या सुट्टीला घरी गेलेली पोरं शाळेत परत यायचीच नाहीत, ती आईबापाबरोबर भट्टीला निघायची. मग हे पहाटे उठून पाड्यापाड्यावर जायचे. टेम्पो उभा असायचा, पोरं वर चढलेली असायची. हे टेम्पोच्या फाळक्याशी उभं राहून भांडायचे, हात जोडायचे, पोरांना बखोटीला धरून खाली उतरवायचे. एकदा एका बापानं ह्यांना ढकलून दिलं. कोपर फुटलेलं घेऊन घरी आले आणि माझ्याकडून पट्टी बांधून घेताना म्हणाले, "पण तीन पोरं उतरवली बरं का!" तेवढ्यावर खूश होते.

निवृत्त झाले आणि काही वर्षांनी विसरायला लागले. आधी चष्मा, मग आंघोळ केली की नाही ते, मग शेजाऱ्यांची नावं. एक दिवस माझ्याकडं बघून म्हणाले, "बाई, पाणी मिळेल का प्यायला?" ज्या अदबीनं परक्या घरी मागावं त्या अदबीनं. मी पाणी दिलं आणि मोरीत जाऊन उभी राहिले. पाड्यांची नावं मात्र राहिली होती. बागेत रोज सकाळी फिरायला जायचे, चिंचेखाली बसायचे, आणि या दिवसांत तिथं टेम्पोची वाट बघणारी माणसं असायची त्यांना विचारायचे, "कोणता पाडा?" पाड्याचं नाव ऐकलं की त्यांचा चेहरा उजळायचा. पुढं काय बोलायचं ते आठवायचं नाही. मग ते तसेच त्यांच्यात बसून राहायचे. कुणी भाकरीचा तुकडा दिला तर खायचे. नाचणीच्या भाकरीवर खुरासणीची चटणी. घरी येऊन मला सांगायचे, आज शाळेत जेवण चांगलं होतं.

बाग तेव्हा जुनीच होती. मोडकी घसरगुंडी, गंजलेला झोपाळा, एक नळ, एक चिंच. तिला दार असं नव्हतंच.

त्या वर्षी गणपतीनंतर बागेचं काम निघालं. आळीतल्याच चार जाणत्या लोकांची समिती झाली आणि दिनकरभाऊ तिचे प्रमुख. दिनकरभाऊंचं औषधांचं दुकान आहे. माणूस सज्जन, रात्री-अपरात्री दुकान उघडून औषध देणारा. त्यांनी मारुतीच्या देवळात सगळ्यांना बोलावलं आणि सांगितलं, "ज्याच्या मनात जे असेल ते आत्ताच बोला. नंतर कुरकुर नको."

लोक बोलले. तक्रारी खोट्या नव्हत्या. बागेत तीन दगड मांडून चुली पेटतात, चिंचेचं खोड काळं झालंय. पोरं कुठंही बसतात, नळाशी घाण होते. संध्याकाळी कोपऱ्यात बाटल्या निघतात. बायकांना फिरायला लाज वाटते. दिनकरभाऊ एकेकाला उत्तर देत होते. भिंत येईल. दार येईल. रखवालदार येईल. फिरायला फरशीची वाट येईल, म्हाताऱ्यांना बाकं येतील. लोक समाधानानं माना हलवत होते. मलाही ते सगळं हवं होतं, नाही कसं म्हणू?

मी उठून दोन गोष्टी विचारल्या. "भाऊ, सगळी बाग एकदम बंद करू नका. अर्धी अर्धी करा. ह्यांना रोज तिथं जायची सवय आहे, ती वाट तेवढी त्यांना अजून सापडते."

"वहिनी, कंत्राटदार तसं करत नाही हो," दिनकरभाऊ खरंच वाईट वाटून म्हणाले. "थोडे दिवस कळ काढा. गुरुजींना माझ्या दुकानात आणून बसवत जा. मी आहे ना."

"आणि भट्टीला जाणारी माणसं? दिवाळीनंतर ती कुठं थांबतील?"

 मग मागून कुणीतरी म्हणालं, "ती काय, कुठंही बसतात." एकदोघं हसले. दिनकरभाऊ हसले नाहीत, पण पुढच्या माणसाकडं वळले.

दिवाळीच्या आधी बागेभोवती पत्रे उभे राहिले. निळे, उंच, वरच्या कडा धारदार. पहिल्या दिवशी हे पत्र्यापाशी गेले आणि हातानं चाचपत शेवटपर्यंत चालत गेले, मग परत आले. पत्र्यावर थाप मारली. आतून कुदळीचा आवाज येत होता. माझ्याकडं वळून म्हणाले, "शाळा बंद केली का यांनी?"

"नाही हो. दुरुस्ती चाललीय."

"मग पोरं कुठं आहेत?"

मी त्यांना हाताला धरून घरी आणलं. दुकानात नेऊन बसवलं तर ते पाच मिनिटांत उठायचे. गिऱ्हाइकांना विचारायचे, कोणता पाडा? गिऱ्हाइकं ओशाळून दिनकरभाऊंकडं बघायची.

आणि मग दिवाळी झाली आणि माणसं आली. बागेत जायला वाट नव्हती, म्हणून ती पत्र्याला लागून, गटाराच्या काठावर बसली. पत्रा थंडीत बर्फासारखा गार पडतो. बायका पोरांना पाठ टेकू देत नव्हत्या. हे त्यांच्यात जाऊन बसायला लागले. मी पाहायची आणि मला बरं वाटायचं, की चला, त्यांना त्यांची माणसं सापडली. खिडकीतून नजर ठेवता येत होती. मधूनच जाऊन मी त्यांच्या गळ्याभोवती मफलर गुंडाळून यायची.

त्या दिवशी एक मुलगी लग्नाच्या ब्लाऊजची मापं द्यायला आली होती. बाहीला लेस लावायची की नाही यावर तिचं आणि तिच्या आईचं चाललं होतं. टेम्पोचा आवाज मी ऐकला होता. रोजच येत होते टेम्पो. मापं घेऊन मी खिडकीशी आले तर पत्र्याजवळ कुणी नव्हतं. एक विझलेली चूल, थोडा पेंढा. हे नव्हते.

आळी धावली, हे सांगायलाच हवं. ज्यांनी देवळात हसून घेतलं होतं तेही धावले. दिनकरभाऊंनी दुकानाचं शटर ओढलं आणि मोटरसायकल काढली. तळ्याच्या काठानं माणसं गेली. दोघंजण दरीच्या कड्यावर जाऊन खाली वाकून बघून आले. आल्यावर माझ्याकडं न बघता बोलले, म्हणून मला कळलं की ते कुठं गेले होते. पोलिसांत फोटो दिला. दाभोशाच्या वाटेवरच्या जीपवाल्यांना विचारलं. प्रत्येकाच्या मोबाईलवर ह्यांचा फोटो गेला, भाचीच्या लग्नातला, फेटा बांधलेला.

मला वाटत होतं ते शाळेकडं गेले असतील. दुसऱ्या दिवशी दिनकरभाऊ मला जीपनं वांगणीकडं घेऊन गेले. आश्रमशाळेत कुणी त्यांना पाहिलं नव्हतं. आम्ही पाड्यांवर गेलो. तो प्रवास मला अजून स्वप्नात येतो. एकेका घराचं दार दोरीनं बांधलेलं. काही दारांना तर नुसती काटेरी फांदी आडवी लावलेली. अंगणात शेणानं सारवलेलं खळं लख्ख, त्यावर एक दाणाही नाही. शेकोटीची राख गार. इतकी घरं आणि कुठं हाकेचा आवाज नाही. उन्हं पिवळी होऊन कुडाच्या भिंतींवर पडली होती. एका घरापुढं एक म्हातारी बाई बकरी धरून बसली होती.

"गुरुजी आले होते का गं इकडं?" मी विचारलं.

तिनं डोळ्यांवर हात धरून माझ्याकडं पाहिलं. "गुरुजी? ते तं पोरांस न्यायाला यायचे. आता कोणास नेतील? कोणच नाय इथं." मग म्हणाली, "मीच हाय. मना नेतात तं सांग."

फोन आला तो त्यानंतर. दाभोशाकडच्या एका जीपवाल्याचा. त्याला भिवंडीकडच्या भट्टीवरून कुणा बाईनं फोन केला होता: इथं एक म्हातारे गुरुजी आलेत, जव्हारचे आहेत, त्यांच्या माणसांना सांग.

दिनकरभाऊंनी गाडी काढली. आम्ही घाट उतरलो. खाडीच्या बाजूला, आडरस्त्यानं आत गेलं की भट्टी. दुपार होती, तरी धुरानं ऊन मळकं झालं होतं. डोळे चुरचुरायला लागले. ओळीनं थापलेल्या ओल्या विटा, पलीकडं विटांच्याच भिंती रचून वर प्लॅस्टिक टाकलेल्या झोपड्या. माणूस ताठ उभा राहू शकणार नाही एवढ्या उंचीच्या. चिखल मळणाऱ्या बायकांचे पाय गुडघ्यापर्यंत लाल.

हे एका झोपडीसमोर बसले होते. अंगावर दुसऱ्याची गोधडी, केसांत विटांची भुकटी. समोर चार-पाच लहान पोरं. हे बोटानं चिखलात अक्षर काढत होते, आणि पोरं ते म्हणत होती. ग. गवताचा ग. मध्येच खोकल्याची उबळ आली की पोरं थांबायची आणि खोकला संपला की पुन्हा म्हणायची.

जन्मभर ज्या टेम्पोतून ह्यांनी पोरं खाली उतरवली, त्याच टेम्पोत शेवटी हे चढून बसले होते.

फोन करणारी बाई पुढं आली. जानकी तिचं नाव. बाजूला सात-आठ वर्षांची तिची मुलगी. "बाई, मी गुरुजींच्या शाळंत व्हते," ती म्हणाली. "दुसरीतून सुटले. टेम्पोतल्या माणसांला वाटलं, कोणाचा तरी बाप हाय. ह्यांच्या हातात कोणी लेकरू दिलं धरायला, मंग हे त्याला घेऊन चढले. इथं उतरले तं कोणाचेच नाय. मी बघतंय तं गुरुजी!"

"तू लगेच का नाही कळवलंस गं?"

"विचारलं ना, गुरुजी घर कुठं? तं बोलले, शाळंत. नाव विचारलं तं माझंच नाव सांगतात, जानकी, हजर. मंग शोधलं कोण जव्हारचा फोनवाला हाय ते." ती खाली बघत म्हणाली, "थंडी लय हाय इथं, खाडीचा वारा. माझी गोधडी दिली त्यांला. पण भुईवरच निजले, बाई. खाट कुठून आणू?"

मी तिचा हात धरला. विटा थापून तळव्याची कातडी पार गेलेली होती.  दिनकरभाऊ बाजूला उभे होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला नाही.

गाडीत बसवताना हे उतरू बघत होते. म्हणत होते, "पोरांना कुणाच्या भरवशावर सोडायचं?"

खोकला गेला नाही. दिनकरभाऊंनी औषधं दिली, मग डॉक्टर आले, मग दवाखान्यात नेलं. छातीत पाणी झालंय म्हणाले. खिडकीबाहेर बागेत काम चालू होतं, मशीनवर फरशी कापल्याचा आवाज यायचा आणि हे त्या आवाजानं दचकायचे. तापात विचारायचे, "आली का सगळी?" मी म्हणायची, आली. कधी म्हणायचे, "जानकी?" मी म्हणायची, हजर. संक्रांतीच्या आधी ते गेले. मी तिळाचे लाडू करायला गूळ काढून ठेवला होता, तो तसाच डब्यात राहिला.

बाग उन्हाळ्यात खुली झाली. रिबन, हार, भाषण. दिनकरभाऊ घरी आले आणि कितीतरी वेळ पंख्याकडं बघत बसले. मग म्हणाले, "वहिनी, गुरुजींच्या नावाचं एक बाक ठेवावं असं समितीच्या मनात आहे. चिंचेखाली."

"त्यापेक्षा दिवाळीनंतर तेवढे दिवस दार उघडं ठेवा," मी म्हटलं. "भट्टीच्या माणसांना आत बसू द्या. नळाचं पाणी घेऊ द्या. मी स्वतः रोज झाडून काढीन."

 पुढच्या बैठकीत त्यांनी माझी मागणी मांडली. ते शब्दाचे पक्के आहेत. लोक म्हणाले, मागणी माणुसकीची आहे, पण मग एवढं सगळं केलं कशाला? एक बाई तर रडवेली होऊन म्हणाली, आत्ता कुठं माझी सून बाळाला घेऊन बागेत जायला लागलीय. तिचंही काही चुकीचं होतं असं मला म्हणता येईना. दारावर पाटी लागली: सामान घेऊन बागेत बसू नये. बाक मात्र आलं. त्यावर ह्यांचं नाव आहे. मी तिथं एकदाच गेले, बसले नाही.

परवा सकाळी खिडकीतून पाहिलं तर भिंतीशी जानकी होती. मी मशीन सोडून, शाल ओढून खाली गेले. तिनं मला ओळखलं आणि लगबगीनं बोचकं बाजूला सारून जागा केली. मी तिच्याशेजारी रस्त्याच्या कडेला बसले. बुडाखालचा सिमेंटचा गारवा हाडात शिरत होता. तिची मुलगी आता उंच झालीय. कडेवर नवं मूल.

"गुरुजी गेले असं समजलं मना," जानकी म्हणाली. एवढंच. मग दोघी धुक्याकडं बघत बसलो.

मी तिला आत बाकावर चलायला सांगितलं. तिनं दाराकडं पाहिलं. "नको बाई. बोचकी कोण बघल? नं टेम्पो सुटला तं?"

"मग पोरीला ठेव माझ्याकडं," मी म्हटलं. बोलून गेल्यावर मला कळलं की मी हे किती दिवस घोळवत होते. "माझं घर रिकामं आहे. शाळा इथंच आहे. होळीला ये आणि ने."

मुलगी मान वर करून आईकडं बघायला लागली. जानकीनं माझ्याकडं पाहिलं नाही. कडेवरच्या मुलाच्या तोंडावरून पदर सारखा केला.

"नं ह्याला कोण धरल, बाई? मी नं हिचा बाप दोघं चिखलात. मागल्या साली शेजारणीचं लेकरू असंच रांगत गेलं, ट्रॅक्टरखाली." तिचा आवाज जराही चढला नाही. "हीच धरते ह्याला दिसभर. हिला ठेवली तं मी विटा कशी थापू?"

 ह्यांच्याकडं तरी याला उत्तर असतं का? ते टेम्पोच्या फाळक्याशी भांडायचे तेव्हा घरी राहिलेल्या तान्ह्याचं काय व्हायचं, हे मी त्यांना कधी विचारलं नाही, आणि त्यांनी कधी सांगितलं नाही.

टेम्पो आला. मुकादम खाली न उतरताच हाका मारू लागला. जानकीचा नवरा बोचकी वर फेकत होता. मुलगी चढली, तिनं वरून हात पुढं केले आणि जानकीनं मूल तिच्याकडं दिलं. सवयीचे हात. मूल रडलंसुद्धा नाही. मी माझी शाल काढून त्या दोघांवर टाकली. मुलीनं ती नीट गुंडाळून घेतली, आधी बाळाला, मग उरलेली स्वतःला. जानकी म्हणाली, "येते बाई." टेम्पो उतारावरून खाली गेला आणि वळणाच्या आतच धुक्यात दिसेनासा झाला. आवाज तेवढा थोडा वेळ येत राहिला.

मी तिथंच बसून राहिले. बागेचा रखवालदार पाइप ओढत बाहेर आला. चांगला मुलगा आहे, नव्यानं लागलाय. ती माणसं बसली होती ती जागा तो एका टोकाकडून धुवायला लागला. पेंढा, राख, सांडलेला भात, सगळं गटाराकडं वाहत चाललं. माझ्यापाशी येऊन तो थांबला.

"आजी, जरा उठता का? धुवून घेतो. नाही धुतलं तर रहिवाशांची तक्रार येते."

"मीही रहिवासीच आहे," मी म्हटलं.

त्याला काही समजलं नाही. तो पाइप हातात धरून उभा राहिला, पाणी त्याच्या पायांवरून वाहत होतं, आणि थंडीनं त्याचेही ओठ काळेनिळे झाले होते. पण मी लगेच उठले नाही.